सहा थर आणि चिमूटभर हळद

माझं दुसरं लग्न ठरल्याची बातमी सबंध कर्जत तालुक्यात सगळ्यात शेवटी मला कळली. पहिली बायको धडधाकट, दोन मुलं शाळेत, अकरा वर्षं टेंपरवारी नोकरी, आणि म्हणे दुसरं लग्न! ऐकलं तेव्हा मी मटकन खाली बसलो. खाली खुर्ची नव्हती, तरी बसलो. आजही आठवण करून द्यायला लोक टपलेलेच असतात.

बरं, हे सगळं कशामुळे झालं? नाकामुळे.

अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना. आमच्या कचेरीत (कुठली ते विचारू नका, आता सगळे रिटायर झालेत, सुखानं जगू द्या) वरून हुकूम आला की तालुक्यातल्या विहिरी मोजा. किती आहेत, किती खोल आहेत आणि भर मे महिन्यात त्यांत पाणी किती आहे. कचेरीत बावीस माणसं. साहेबांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "रोकडे, तुम्ही जा." मला कायम करायचा प्रस्ताव तेव्हा अलिबागला गेला होता आणि महिनाअखेर ऑर्डर यायची होती. ज्याची ऑर्डर यायची असते त्याला नाही म्हणायला तोंड नसतं, हे साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बायको विमल मुलांना घेऊन सुट्टीला माहेरी, चौक गावाला गेलेली. म्हणजे मला अडवणारं शहाणं माणूस घरात कुणी नाही. मी आपला रोज सकाळी काळूराम शिपायाला घेऊन कशेळ्याच्या बसमध्ये बसायचो आणि दिवसभर वाड्यावाड्यांतून विहिरी धुंडाळायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरशात बघतो तर नाकाची साल निघालेली! हात लावला तर पापुद्रा हातात आला. मी चांगलाच दचकलो. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क टिपणीस, जे चहाच्या टपरीपलीकडे कधी उन्हात गेले नाहीत, ते मला म्हणाले, "रोकडे, नाक नवं बसवलंत वाटतं."

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या कातडीला ऊन सोसत नाही." मला काय वाटलं असेल! माझे आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात उघड्या अंगानं राबले. वडील भिवपुरीच्या पॉवर हाऊसवर उन्हातान्हात पाइप रंगवायचे. आणि त्यांचा हा मॅट्रिक झालेला वंशज विहिरी मोजता मोजता सोलला जातो! लाज वाटली मला, खरंच लाज वाटली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, सनस्क्रीन लोशन.

कर्जतच्या बाजारात ते नाव कुणी ऐकलेलंच नव्हतं. एका दुकानदारानं घामोळ्याची पावडर काढली. दुसऱ्यानं "आमच्याकडे याच गुणाचं आहे" म्हणत खरजेचं मलम पुढे केलं. तिसऱ्यानं चिठ्ठी उलटी-सुलटी वाचून मला छत्री घ्यायचा सल्ला दिला. छत्री होतीच. काळूराम ती माझ्या डोक्यावर धरून चालायचा. पण ऊन काय वरूनच येतं? खडकावरून उसळून येतं, ते थेट नाकाला लागतं.

शेवटी मेहुण्याला पत्र टाकलं. विमलचा धाकटा भाऊ बुधाजी मुंबईला गोदीत कामाला. रविवारी तो स्वतः हजर झाला आणि दार लावून घेऊन खिशातून एक नळी काढली. टूथपेस्टच्या नळीएवढी, पण परदेशी. वर वाळूवर आडवी झालेली एक बाई, अंगावर कपड्यांच्या नावाखाली दोन चिंध्या.

"बिल?" मी विचारलं. सरकारी माणसाची सवय.

"दाजी, असल्या वस्तूला बिल नसतं. आणि कुणी विचारलं तर मी तुम्हाला ओळखत नाही," असं म्हणून बुधाजी चहा न घेताच निघून गेला.

नळीवरचं इंग्रजी बारीक. म्हणून शेजारच्या आबाजींना दाखवली. आबाजी साळवी रिटायर्ड पोस्टमास्तर. आमच्या आळीत कुठलाही परका कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय खरा मानत नाहीत. त्यांनी चित्रातल्या बाईवर अंगठा दाबून धरला आणि उरलेलं वाचलं. "हे बघा, इथं सहाचा आकडा आहे. फॅक्टर सहा. ही गोरी माणसं शिस्तीची. सहा म्हणजे सहा थर."

"सहा?"

"रंगाऱ्याला विचारा, एका हातावर भागतं का? एक थर लावायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा. आणि पूर्ण सुकेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर तडा जातो." तडा जातो हे नळीवर लिहिलेलं नव्हतं, ते आबाजींचं स्वतःचं. पण ते अंगठा काही काढेनात, त्यामुळे मला खात्री करता आली नाही.

मी सहा थर दिले. पहाटे उठून दिले, पंख्याखाली बसून सुकवले. मलम पांढरंफटक. आरशात मला माझं मृत्यूनंतरचं रूप दिसलं. पण डॉक्टरांनी सांगितलंय, मेहुण्यानं जीव धोक्यात घालून आणलंय, पोस्टमास्तरांनी वाचलंय, मग आपण शंका घेणारे कोण? निघालो.

पहिल्याच वाडीत पोरं किंचाळत घरात पळाली. एका म्हातारीनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. विहिरीपाशी गेलो तर पाणी भरणाऱ्या बाया हंडे टाकून आडव्या आल्या. "त्याला हिरीजवल येऊ देऊ नका, पानी आटंल!" मी सरकारी माणूस आहे, असं ओरडून सांगायला गेलो, तर तोंडाला तडा गेला. आबाजी अगदीच चुकीचे नव्हते म्हणायचे. त्यानं बायका आणखीनच घाबरल्या.

"सायेब, तुमी त्या आंब्याखाली लपून रावा," काळूराम म्हणाला, "मी मोजून येतो."

अकरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच सरकारी कामासाठी झाडामागे लपलो. एवढा अपमान टिपणीसनंही कधी केला नव्हता.

संध्याकाळी दारात ठकूबाई भेटल्या. ठकूबाई आमच्या डाव्या हाताच्या शेजारीण, आळीतल्या निम्म्या लग्नांत त्यांच्याशिवाय पान हलत नाही. "अवो रोकडेभाऊ, पिठाच्या डब्यात पडला का काय?"

मी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्यात चिमूटभर हलद घाला. पांढरेपना जाईल. हलद कातडीला बरी असते. तुमच्या लग्नात लावली व्हती की, नाय?"

लावली नव्हती. माझे वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांनी एकदा जुनं सोडलं ते सोडलं. एकोणसत्तर साली माझं लग्न झालं ते बुद्धवंदना, दोन हार, पांढरी साडी, पांढरा सदरा आणि अर्ध्या तासात जेवणाची पंगत. विमलनं तेव्हा निरोप पाठवला होता की बाकी सगळं तुमच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त गालाला एक बोट हळद लागू दे. वडील नाही म्हणाले आणि मी गप्प बसलो. त्यानंतर नऊ वर्षांत तिनं त्याचं नावही काढलं नाही, म्हणून मी समजलो विषय मिटला. पुरुषाला असंच वाटत असतं.

आणि दुसऱ्यांच्या लग्नांचं म्हणाल, तर मी नेहमी अक्षता पडल्यावर, पानं मांडायच्या वेळेला पोचणारा माणूस. आदल्या दिवशी तिथं काय काय चालतं ते मला कुठून ठाऊक असणार?

चिमटीनं काही रंग बसेना. म्हणून चमचा घातला. मग दुसरा. सहा थर दिले तेव्हा चेहरा पिवळाजर्द झाला, कानापासून कानापर्यंत. सदऱ्याच्या कॉलरवरही उतरला. डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळला. ठकूबाई पाण्याला निघाल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "नवरदेव दिसताय हो अगदी!" अडतिसाव्या वर्षी असं कोण म्हणतं? मला बरं वाटलं. लपवत नाही, फार बरं वाटलं.

विहिरीची खोली मोजायला माझ्याकडे गाठी मारलेली दोरी होती. ती तळाला जावी म्हणून टोकाला वीतभर लोखंडी सळई बांधलेली. चालताना ती पोटरीवर आपटायची, म्हणून मी हातात घट्ट धरायचो. तर असा मी, तोंड पिवळं, हातात लोखंड, डोक्यावर काळूरामनं धरलेली छत्री, कालच्याच रस्त्यानं पुढच्या वाडीत शिरलो.

आणि काय सांगू! लोक धावत आले. "या या, सावलीत या!" एकानं घोंगडी अंथरली. बायांनी गुळपाणी दिलं. एका घरी शिरा झाला. विहिरीपाशी गेलो तर बाया बाजूला झाल्या, एक म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली आणि पलीकडे दोघीतिघी गाणं म्हणायला लागल्या. मी थक्क झालो. सरकारी नोकराला असा मान! मला वाटलं, चेहऱ्यावर जरा रंग असला की माणसाचं वजन वाढतं. चार दिवसांत एकतीस विहिरी मोजल्या. काळूरामचं पोट सुटायला लागलं.

शुक्रवारी कशेळ्याच्या बाजारात पुतळाबाई दिसल्या. पुतळाबाई म्हणजे विमलची सख्खी मावशी. मी लांबून सळई उंचावून "मावशी, नमस्कार!" असं ओरडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातातली सुकटीची टोपली खाली पडली. ती न उचलताच त्या चौकला जायच्या बसचं विचारत पळत सुटल्या. मी काळूरामला म्हणालो, "उन्हाचा त्रास होतोय मावशींना. त्यांनाही थोडं मलम द्यायला हवं होतं."

काळूराम खाली वाकलेला. तो सुकट गोळा करत होता.

सोमवारी कचेरीत गेलो तर सगळे उठून उभे राहिले. टिपणीसनं दोन बोटांत धरून एक कागद दिला. मेमो. 'आपण शासनाची पूर्वपरवानगी न घेता दुसरा विवाह करीत असल्याबाबत निनावी अर्ज प्राप्त झाला आहे. आपणांस कायम करण्याचा प्रस्ताव परत का मागवू नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

मी बसलो तो इथं. वर सांगितलं तसा, जमिनीवर.

"पूर्वपरवानगी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. "म्हणजे मागितली असती तर दिली असती?"

"अर्ज विहित नमुन्यात असतो," टिपणीस म्हणाले.

काळूरामला व्हरांड्यात कोपऱ्यात घेतलं. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "सायेब, रागावू नका. त्या वाड्यांत तुमाला समदे नवरदेव समजलेत. हलद लागलेला नवरा हातात लोखंड घेतल्याबिगर भायेर पडत नाय. बाधा व्हते ना. तुमच्या तोंडाला हलद, हातात सळी, वर छत्री. आमच्याकडं असा नवरा दारात आला तर त्याला गोड दिल्याबिगर सोडत नाय."

माझ्या कानात शिट्टी वाजली. "तुला हे कधी कळलं?"

"पयल्याच घरी."

"मग चार दिवस बोलला का नाहीस?"

"सायेब, शिरा व्हता. कचेरीत आपल्याला चा पन कोन इचारत नाय. आनि मी इचार केला, तुमी सायेब मानसं, असल दुसरं लगीन."

असेल दुसरं लग्न! माझ्याच शिपायाला हे खरं वाटलं, मग बाकीच्यांना का वाटू नये? आणि विमल! पुतळाबाई शुक्रवारीच चौकला पोचल्या असणार. तिला तीन दिवस हे ठाऊक होतं आणि तिचं साधं पत्रसुद्धा नाही. नोकरी जाईल याचं भय होतंच, पण तिच्या या गप्प बसण्याचं त्याहून जास्त.

खुलासा लिहिला तर टिपणीस म्हणाले, पुरावा जोडा. तलाठ्याकडे गेलो की माझं दुसरं लग्न झालेलं नाही असा दाखला द्या. तलाठी म्हणाला, "झालेल्या गोष्टीची नोंद असते. न झालेल्या गोष्टीचा उतारा मी कुठून काढू?" डॉक्टरांनी नाकाचा दाखला दिला, पण त्यात हळदीचा उल्लेख करायला तयार होईनात. राहिली नळी. टिपणीसनं टिपण दिलं, 'सदर नळी मूळ बिलासह सादर करावी.' मूळ बिल! म्हणजे लग्नाच्या भानगडीतून सुटायचं तर चोरट्या मालाच्या भानगडीत अडकायचं. तीन रात्री मी जेवलो नाही की झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी जिवावर उदार होऊन नळी, हळदीची पुडी, सळई आणि वाटी घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "साहेब, कागदावर पटणार नाही. मी करूनच दाखवतो." साहेबांनी आ वासला. मी वाटीत मलम पिळलं, हळद घातली, कालवलं आणि त्यांच्यासमोर फासायला सुरुवात केली. तिसऱ्या थराला टिपणीस आत आले. पाचव्या थराला निम्मी कचेरी दारात. सहावा थर देऊन मी हातात सळई घेतली, काळूरामनं छत्री उघडली आणि मी ओठ न हलवता म्हणालो, "हा बघा साहेब, असा मी रोज निघत होतो."

त्याच क्षणी दारातली माणसं बाजूला झाली आणि आत आली विमल. मागे पुतळाबाई, त्यांच्या मागे बुधाजी, बाह्या वर केलेला.

"बघ!" पुतळाबाई किंचाळल्या. "मी सांगत व्हते ना! सायबाच्या म्होरं पन हलद लावून हुबा हाय, मेल्याला लाज नाय!"

मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. सहावा थर ओला होता.

विमल ओरडली नाही, रडली नाही. हळूच म्हणाली, "नऊ वर्षांपूर्वी मी एक बोट मागितलं होतं. तेव्हा तुमच्याकडे हळद नव्हती."

मला वाटलं, आता मेमो नको, ऑर्डर नको, जमिनीनं मला पोटात घ्यावं. तडा गेला तर गेला, म्हणून बोललो. "विमल, हे मलम आहे गं! नाकाला लावायचं! बुधाजीनं आणलंय!"

बुधाजीनं टेबलावरची नळी पाहिली आणि तो पांढरा पडला, सहा थर न देता. "मी? मी ही वस्तू जन्मात बघितली नाही," म्हणत तो दाराकडे सरकायला लागला.

विमलनं त्याची बाही धरली. "बुधा, माझ्याकडे बघ. तू आणलीस का ही?"

बुधाजीनं साहेबांकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. नोकरी त्याचीही होती. "आणली," तो म्हणाला. "दाजींच्या नाकासाठी. त्यांनी पत्र टाकलं होतं." एवढं बोलून तो भिंतीला टेकला.

साहेबांनी नळी उचलली, वास घेतला, चित्रावर टिपणीसचा मेमो पालथा घातला. मग म्हणाले, "ही वस्तू माझ्या निदर्शनास आलेली नाही. टिपणीस, लिहून घ्या. रोकडे यांनी दुसरा विवाह केला नसल्याचे समक्ष करून दाखवले. खुलासा मान्य." सगळे पांगल्यावर त्यांनी बुधाजीला बाजूला घेऊन, आपल्या मुलीच्या कातडीला उन्हाचा त्रास आहे, अशी एक मिळेल का, असं विचारलं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

विमलबरोबर घरी आलो. मी तोंड धुवायला मोरीकडे निघालो तर म्हणाली, "थांबा." माझ्या हातातली वाटी घेतली. तळाला बोटभर पिवळं उरलं होतं. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि गाल पुढे केला.

"अगं, हे परदेशी मलम आहे, त्यात—"

"हळद आहे ना त्यात? लावा."

मी लावली. एका गालाला, मग दुसऱ्याला. तिचे डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, "तेव्हा मी वडिलांना म्हणायला हवं होतं. माझं चुकलं." नऊ वर्षं उशिरा, पण म्हणालो. ती डोळे न उघडताच म्हणाली, "कपाळाला राहिलं." शेजारच्या भिंतीपलीकडून ठकूबाईंनी काय ओळखलं कुणास ठाऊक, त्यांनी हळदीचं गाणं धरलं.

माझी ऑर्डर पाच जूनला आली. उरलेल्या नऊ विहिरी मी उघड्या तोंडानं मोजल्या आणि नाक पुन्हा सोललं. पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि विमल तसल्याच पिवळ्या गालांनी नळावर पाण्याला गेली. तिथं कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय गं विमल, रोकडेभाऊंनी दुसरं लग्न केलं म्हणतात, खरं का?"

माझा वस्तरा हातातच राहिला. बाहेरून विमलचा खणखणीत आवाज आला.

"खरं आहे बाई. केलं त्यांनी. माझ्याशीच केलं."